पाळणा लांबवा

नवा कायदा आला आणि तीसच्या वर बायका असलेल्या कारखान्याला पाळणाघर सक्तीचं झालं. चिंचवडच्या एका कंपनीत चाळीस बायका पॅकिंगला होत्या, म्हणून लेबर ऑफिसातल्या सुमनताईंनी पाळणाघराची नियमावली लिहून मॅनेजर चौबळांपुढे ठेवली. मुलं सांभाळायला शिकलेली बाई, स्वच्छ दुपटी, आईला दूध पाजायला सुट्टी, सगळं त्यात होतं.

चौबळांनी ती न वाचताच बाजूला सारली आणि भिंतीवरच्या कुटुंबनियोजनाच्या पोस्टरकडे बोट दाखवलं.

"बाई, सरकारच सांगतंय ना, पाळणा लांबवा! आपणही लांबवू की वर्षभर."

केबिनमधले बाकीचे साहेबही खिदळले. सुमनताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या तरातरा खाली उतरल्या.

शेडमागे, तापल्या पत्र्याखाली पॅकिंगमधल्या कस्तुरानं लुगड्याच्या झोळीत तान्हं पोर निजवलं होतं. शेजारीच ग्राइंडर किंचाळत होता.

"दे गं त्याला जरा. साहेबांना दाखवून आणते."

कस्तुरानं पोर हातात दिलं. जिना चढून सुमनताईंनी ते थेट चौबळांच्या टेबलावर, त्या नियमावलीवरच ठेवलं.

"लांबवायला उशीर झाला, साहेब. हा येऊन चार महिने झाले."