फ्रिजवरचे दोन कागद

या आठवड्यात आमच्या फ्रिजवर दोन कागद शेजारी शेजारी लागले होते. पहिला माझा. साठ दिवस लढत बंद, सरावातसुद्धा डोक्याला ठोसा लागता कामा नये, असं त्यावर डॉक्टरांच्या सहीनिशी लिहिलेलं होतं. आईने तो चार लोहचुंबकांनी पक्का बसवला होता. येणाऱ्याजाणाऱ्याला नीट दिसावा म्हणून किराणा सामानाची यादी तिने खाली सरकवली.

मी पिंजऱ्यात लढते. एमएमए. ठोसे, लाथा, पकडी, सगळं चालतं, फक्त जाळीबाहेर पळता येत नाही. तीन आठवड्यांपूर्वी एका डावखुऱ्या पोरीचा ठोसा माझ्या हनुवटीवर बसला आणि मी आडवी झाले. पुढच्या काही क्षणांचं मला काहीच आठवत नाही. पंच मध्ये पडले, डॉक्टर आत आले, तासाभरात संघटनेकडे नोंद गेली. आता साठ दिवस मी कुणाच्या पाया पडले तरी मला कुणी लढू देणार नाही.

"याला काय खेळ म्हणायचं?" बाबा जेवताना म्हणाले. "मारामारी नुसती! दादाकडे बघ जरा. खेळ म्हणजे ते."

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. तो अमेरिकन फुटबॉल खेळतो, हेल्मेट घालून चेंडू हातात घेऊन पळायचा तो. पण दादा पळतबिळत नाही. तो पहिल्या फळीत उभा राहून समोरच्याला अडवतो. चेंडू त्याच्या हाती वर्षातून एकदा येतो, तोही कुणाच्या तरी चुकीने. प्रेक्षक त्याला 'भिंत' म्हणतात. बाबा त्याच संघाचं सामान सांभाळतात, तीस वर्षं झाली. हेल्मेटच्या आतल्या उशांत पंपाने हवा भरायची, हनुवटीचे पट्टे बदलायचे, कवचाला टिचक्या मारून तडा गेलाय का ते कान लावून ऐकायचं. देवाने माणसाला डोकं दिलं तेच मुळी हेल्मेट घालायला, असा त्यांचा समज आहे.

तुलनाच करायची ना? करू या. सात वर्षांत माझं नाक दोनदा मोडलं, भुवईला नऊ टाके पडले, एक करंगळी गेली आणि आता हा नॉकआउट. दादाच्या खांद्यात धातूची पट्टी आहे, एका गुडघ्यावर दोन ऑपरेशनं झालीत, आणि उजव्या हाताची बोटं अशी वाकडी झालीत की पत्ता विचारला तर तो एकदम तीन रस्ते दाखवतो. कबूल आहे, एकेका लढतीमागे पाहिलं तर मीच जास्त फुटते. रक्तही माझंच दिसतं. सरावात मलाही बसतात, नाही म्हणत नाही. पण मी वर्षातून तीनदा लढते. दादा दर शनिवारी साठ-सत्तर वेळा समोरच्याला धडकतो, शिवाय आठवड्यातले दोन दिवस सराव. त्यातल्या एकाही टकरीला कुणी शिट्टी वाजवून डॉक्टरला बोलवत नाही, कारण कुणी आडवं पडत नाही. पडला नाही म्हणजे लागलं नाही, हे आमच्या घरचं वैद्यकशास्त्र.

मागच्या शनिवारी उपांत्य सामन्यात दादा असाच धडकला, उठला आणि सरळ चालत जाऊन समोरच्या संघाच्या घोळक्यात उभा राहिला. त्यांच्यातल्या एकाच्या खांद्यावर हातसुद्धा टाकला. सगळं मैदान हसलं. "भिंतीने घर बदललं!" कुणीतरी ओरडलं. बाबा तर डोळे पुसत हसले. मी हसले नाही. ठोसा खाऊन उठलेल्या माणसाची नजर मी ओळखते, आरशात पाहिलीय.

रविवारी त्याने खोलीचे पडदे ओढून घेतले. सोमवारी आपली जर्सी धुतली का, असं त्याने आईला तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा आई वैतागली, "लक्ष कुठे असतं रे तुझं?" मंगळवारी संघाच्या डॉक्टरांनी त्याची चाचणी घेतली. बुधवारी तो कागद घेऊन आला आणि माझ्या कागदाशेजारी थाटात लावला. मोसमाआधी दहापैकी चार. मार बसल्यावर दहापैकी पाच. खेळण्यास योग्य.

"बघ," आई मला म्हणाली, "त्याचे तर गुण वाढले."

मी कागद दोनदा वाचला. चाचणी साधी असते. मोसम सुरू व्हायच्या आधी, डोकं ठणठणीत असताना, प्रत्येकाला दहा शब्द ऐकवतात आणि थोड्या वेळाने म्हणायला लावतात. डोक्याला मार बसला की पुन्हा दहा शब्द. आकडा खाली आला तर घरी बसायचं. आला नाही तर डॉक्टर सही करून मोकळे. आणि इथे माझ्या भावाची स्मरणशक्ती टक्कर खाऊन सुधारली होती!

मी त्याच्या खोलीत गेले. "दादा, पहिल्या वेळी मुद्दाम चुकलास ना?"

"सगळेच चुकतात," तो अंधारातून म्हणाला. वर हसला. "नवा खेळाडू आला की जुने पहिल्या दिवशी हेच शिकवतात. धड असताना निम्मे शब्द विसरायचे. मग नंतर खरंच विसरलो तरी आकडा पडत नाही. डोकं लागतं त्याला."

"आणि काल पाच सांगितलेस, ते मुद्दाम पाच? की पाचच आठवले?"

त्याने भिंतीकडे कूस वळवली. मग म्हणाला, "शनिवारी फायनल आहे. अकरा वर्षांनी पोचलोय आम्ही. तोंड उघडलंस तर याद राख."

पुढची एकच टक्कर आणि हा माणूस आपल्याला पुरता परत मिळणार नाही, हे मला लख्ख दिसत होतं. आणि घरात ते दिसणारी मी एकटी, ती पण मारकुटी म्हणून आधीच बदनाम.

गुरुवारी दुपारी मी मैदानावर बाबांच्या खोलीत गेले. ते फायनलसाठी हेल्मेटं लावून ठेवत होते.

"बाबा, मी दहा शब्द सांगते, लक्षात ठेवा. चमचा, पूल, लिंबू, आरसा, दोरी, घोडा, खिडकी, साबण, टोपी, कात्री."

"हा काय पोरखेळ आहे?"

"ठेवा तर खरं."

मी त्यांना दोन हेल्मेटांचे पट्टे लावू दिले आणि मग विचारलं. कुरकुरत त्यांनी आठ शब्द सांगितले.

"तुम्ही एकसष्ट वर्षांचे, तुम्हाला आठ. दुसरीत असताना तीसपर्यंत पाढे म्हणणाऱ्या तुमच्या मुलाला, काही झालेलं नसताना, चार? तुम्हाला पटतं हे?"

मला वाटलं होतं त्यांना धक्का बसेल. ते हातातल्या हेल्मेटकडे बघत राहिले. "मला माहीत आहे," ते हळूच म्हणाले. "सगळे तसंच करतात. इथे बसून तीस वर्षं ऐकतोय मी."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "माहीत होतं? आणि शनिवारी तुम्ही हसलात?"

"त्याच्या हेल्मेटला एक ओरखडा नाही गं. मी स्वतः तपासलंय."

"हेल्मेट कवटी फुटू देत नाही, बाबा. आत मेंदू हलायचा तो हलतोच. मला पाडलं तर दहा माणसं धावत आली. तो तुमच्यासमोर परक्या संघात जाऊन उभा राहिला आणि तुम्ही डोळे पुसत हसलात."

ते बाकावर बसले. एकदम म्हातारे दिसले आणि मला त्यांची दया आली, पण मी ती दाखवली नाही. हेल्मेट बाजूला ठेवून ते म्हणाले, "सांगतो मी डॉक्टरांना. पण मग तूही तो पिंजरा सोडायचास. दोन-दोन पोरांची काळजी माझ्याने होत नाही."

"नाही."

"भावासाठी एवढंही करणार नाहीस?"

"भावासाठीच आलेय ना? मला डोक्याला लागलं, मी साठ दिवस गुपचूप घरी बसलेय. त्याला लागलंय, त्याने बसावं. बरा झाला की त्याने खेळावं, मी लढावं. माझा खेळ गहाण ठेवून तुमच्याकडून खरं बोलवून घेणार नाही मी. ते मला फुकट बोलता येतं."

मी उठले आणि डॉक्टरांच्या खोलीकडे चालू लागले. दार उघडताना कळलं, बाबा मागे उभे आहेत. मी सगळं सांगितलं. डॉक्टर माझ्या भुवईवरच्या व्रणाकडे बघत म्हणाले, "पुरावा काय?" तेव्हा बाबा पुढे झाले. "मी सांगतो," ते म्हणाले. "तीस वर्षांचं सांगतो." आणि ते बसले.

शुक्रवारी दादाची तपासणी झाली आणि संध्याकाळी त्याला फायनलमधून वगळल्याचा निरोप आला. तो स्वयंपाकघरात आला तेव्हा मी भांडी घासत होते. त्याने फ्रिजवरचा आपला कागद ओढून फाडला. आई मध्ये पडायला गेली, बाबांनी तिचा हात धरला.

"अकरा वर्षं!" तो ओरडला. ओरडल्यावर त्याने कपाळ दाबून धरलं, खुर्ची चाचपली आणि बसला. मग डोळे मिटूनच, एकेक शब्द चावत म्हणाला, "मी तुला आयुष्यभर माफ करणार नाही."

मी नळ बंद केला. मला रडू येत होतं, पण ते मी आवाजात येऊ दिलं नाही.

"नको करूस," मी म्हणाले. "आयुष्यभर लक्षात राहू दे, एवढंच बघ."