अर्धी गोळी

आमच्या आईला दहा गोष्टी सांगाव्यात, तर त्यातली नेमकी नको ती एक उचलणार आणि उराशी धरून बसणार. डॉक्टरीणबाईंना हे ठाऊक नव्हतं. मला होतं, पण त्यांनी दवाखान्यात ठेवलेली सभा पेशंटच्या नातेवाइकांसाठी होती, आणि आईहून जवळचं नातं कुणाचं असणार? गेली बिचारी नवीन चप्पल घालून.

माझ्या धाकट्या भावाला एकोणिसाव्या वर्षी स्किझोफ्रेनिया झाला. आवाज ऐकू यायचे, जेवणात कुणीतरी काहीतरी घातलंय असं वाटायचं. चार औषधं वाया गेली, पाचवं लागू पडलं. तेव्हापासून तो माझ्या शिवणाच्या दुकानात बसतो. पँटी आखूड करतो, काजं-बटणं करतो, माझा चष्मा कपाळावर असला की तासभर मला शोधू देतो आणि गालात हसतो. रोज रात्री आई देते त्या गोळीने रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होऊ शकतात म्हणून अधूनमधून रक्त तपासायला लागतं. आजवर रिपोर्टमध्ये कधी काही वावगं निघालं नव्हतं.

सभेत डॉक्टरीणबाईंनी फार छान समजावलं. मेंदूतल्या पेशी एकमेकींना रसायनांतून निरोप देतात. त्यातलं डोपामीन काही ठिकाणी वाजवीपेक्षा जास्त झालं, की साध्यासुध्या गोष्टीलाही भलता अर्थ येतो. असं का होतं, तर कारणं ढीगभर, कुठलंच एकटं पुरेसं नाही. काही घराण्यातून येतं, काही बाळंतपणातल्या त्रासातून. कधी गरोदरपणात आईला मोठा संसर्ग झाला, तर तिच्या शरीराची जी लढाई चालते, तिची झळ पोटातल्या बाळाच्या मेंदूला लागत असावी असं संशोधक म्हणतात. पण धोका वाढतो तो थोडासाच, ताप आलेल्या बहुतेक आयांची मुलं ठणठणीत असतात, हे त्यांनी दोनदा सांगितलं.

दोनदा! आईने ऐकलं ते फक्त 'ताप'.

धाकटा पोटात असताना सहाव्या महिन्यात तिला सणसणून ताप आला होता. वडील कामावर परगावी, मी चार वर्षांची. तिने तो अंगावर काढला. सभेवरून आल्यावर ती जेवलीच नाही. दुसऱ्या दिवसापासून पाणी उकळणं सुरू झालं. दुकानात कुणी शिंकलं की धाकट्याला घरी बोलवायची. मी समजावलं, भांडले, अबोलाही धरून पाहिला. पालथ्या घड्यावर पाणी.

मग धाकटा बिघडायला लागला. आधी झोप उडाली. मग हसणं गेलं. एका दुपारी बघते तर एकाच पँटची शिवण घालतोय, उसवतोय, पुन्हा घालतोय. गिऱ्हाईक समोर उभं. मी विचारलं तर म्हणाला, शिवणीत काहीतरी ठेवलंय. गिऱ्हाइकाला उद्या या म्हटलं, शटर ओढलं आणि त्याला घेऊन घरी आले.

स्वयंपाकघराच्या ओट्यावर माझं टाके उसवायचं ब्लेड पडलं होतं. आठवडाभर मी ते दुकानात शोधत होते. त्याला पांढरी पूड लागलेली. शेजारी वाटीत अर्ध्या गोळ्या.

मी काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. आई भिंतीला टेकून ऐकत राहिली. शेवटी एवढंच म्हणाली, "ही गोळी त्याच्या रक्तातले शिपाई खाते. पुन्हा ताप आला तर? एकदा माझ्यामुळे झालं, पुन्हा नाही होऊ द्यायचं."

अशा माणसावर ओरडायचं तरी कसं? आणि न ओरडून राहायचं तरी कसं?

मी फोन केल्यावर डॉक्टरीणबाईंनी आम्हा तिघांनाही लगेच बोलावलं. रक्त तपासलं, पेशी व्यवस्थित होत्या. मात्रा एकदम वाढवायची नाही, पायरीपायरीने न्यायची, पहिली गोळी आत्ताच द्यायची, म्हणाल्या. घेतलीच नाही तर मात्र दाखल करून घ्यावं लागेल. नर्सने गोळी पुढे केली. धाकट्याने ओठ घट्ट मिटले.

"माझ्या गोळ्यांत कुणीतरी काहीतरी करतंय," तो म्हणाला.

आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्याचं म्हणणं खरं होतं. त्याला काय सांगणार, की तुझा भ्रम आहे? मी कपाळावर हात मारून घेतला. नर्स त्याची समजूत घालायला लागली, तसा तो आणखी आक्रसला.

तेवढ्यात आई उठली आणि त्याच्यासमोर जमिनीवर बसली.

"मी करत होते," ती म्हणाली. "मीच कापत होते. ब्लेडने. तू पोटात असताना मला ताप आला होता, म्हणून तुला हे झालं असं मला वाटलं. म्हणून मी भ्याले."

तो तिच्याकडे बराच वेळ बघत होता. मधेच मान वळवून आणखी कुणाचं तरी ऐकल्यासारखं करी, आणि पुन्हा तिच्याकडे बघे. मला वाटलं, संपलं. आता हा हिच्या हातचं पाणीसुद्धा प्यायचा नाही.

"फार होता ताप?" त्याने विचारलं.

त्या तापाबद्दल इतक्या वर्षांत आईला कुणी काही विचारलं नव्हतं. मी तर एवढी भांडले, पण हे विचारलं नव्हतं.

"थंडी फार वाजत होती रे," ती म्हणाली. "आणि पांघरूण द्यायला घरात कुणी नव्हतं."

धाकट्याने मान हलवली. नर्सकडची गोळी घेतली, दोन्ही बाजूंनी उलटून पाहिली, अख्खी असल्याची खात्री केली आणि आईच्या तळहातावर ठेवली.

"तू दे," म्हणाला, आणि तोंड उघडलं.