तीन अंश कमी

मित्रांनो, मी एक जुना तापमापक आहे. पण लगेच तोंड उघडून जीभ वर करू नका, मी तुमच्या तोंडात मावणार नाही. माझी सळई हातभर लांब आहे, तिच्या डोक्यावर बशीएवढी तबकडी आहे, आणि तबकडीच्या काचेला उजवीकडे एक तडा आहे. मी ताप बघतो तो ओल्या कचऱ्याच्या ढिगाचा. माणसाला ताप आला की घरात काळजी. आमच्या ढिगाला ताप आला नाही की काळजी. एवढा एक फरक ध्यानात ठेवलात, तर पुढचं सगळं सोपं जाईल.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. तिथल्या तपासनीस बाईंनी मला आधी बर्फात खुपसलं, मग उकळत्या पाण्यात. बर्फात मी शून्य दाखवलं, पाण्यात शंभर. बाईंनी माझ्या पाठीवर हिरवा शिक्का मारला. आयुष्यात पैकीच्या पैकी गुण मिळाले ते तेवढे एकदाच.

तिथून मी जॅमच्या कारखान्यात गेलो. नऊ वर्षं पाकवाल्या काकांनी मला विचारल्याशिवाय एक कढई उतरवली नाही. "हा सांगतो ते खरं," असं ते येईल त्याला म्हणायचे, आणि मी आपला काटा ताठ करून घ्यायचो. मग एक दिवस काकांच्या चिकट हातातून मी निसटलो आणि डोक्यावर आपटलो. काचेला तडा गेला, तो सगळ्यांना दिसला. आत काय झालं ते कुणाला दिसलं नाही. मी तीन अंश कमी दाखवू लागलो होतो. मी म्हणेन तेव्हाच जॅम उतरवायचा या भरवशावर काकांनी तो इतका आटवला, की त्यात रुतलेला पळा दोघांनी धरून उपटावा लागला. नऊ वर्षं बरोबर सांगितलेलं कुणाच्या लक्षात राहत नाही, हे मी त्या दिवशी शिकलो. काकांनी माझ्याकडे एकदा बघितलं, आणि मी कचऱ्यात गेलो.

तर असा मी कचरा होऊन कचरा केंद्रात आलो.

केंद्र म्हणजे समोरासमोर दोन पत्र्याच्या शेड, मध्ये अंगण. एका शेडमध्ये सुका कचरा. तिथे एक लांब पट्टा सरकत असतो, आणि त्याच्या कडेला उभ्या असलेल्या बायका पुठ्ठा, काच, पत्रा, प्लास्टिक भराभर वेगळं करतात. त्यांतल्या मुख्य होत्या वहिनी. त्या बाटली नुसती दाबायच्या, आणि कुरकुर आवाज आला तर एका टोपलीत, धप्प आवाज आला तर दुसऱ्या टोपलीत टाकायच्या. बघायचं कामच नाही. हात चालायचे तेवढंच तोंडही चालायचं.

दुसरी शेड ओल्या कचऱ्याची, म्हणजे खतघर. ते एकहाती सांभाळायच्या वहिनींच्या नणंदबाई. वहिनी त्यांना रीतीप्रमाणे 'वन्सं' म्हणायच्या, आणि ते ऐकून ऐकून सगळं केंद्रच त्यांना वन्सं म्हणू लागलं. गाडीचा चालक म्हणायचा, वजनवाला म्हणायचा, कार्यालयातून येणारे साहेबसुद्धा एकदा म्हणाले आणि मग लाजले.

पट्ट्यावरून मला उचललं ते वहिनींनी. त्या मला लोखंडाच्या पिंपात टाकणार, तेवढ्यात वन्सं दाताळं मागायला आल्या आणि त्यांनी मला बघितलं.

"वहिनी, ही सळई मला द्या."

"घ्या की. तुमच्या ढिगाला ताप आला असेल तर कळेल तरी."

वहिनी थट्टेनं बोलल्या, पण वन्संना तेच हवं होतं. तोवर त्या ढिगात कोपरापर्यंत हात घालून अंदाज घ्यायच्या. ढीग पंचावन्न अंशांच्या वर सलग तीन दिवस तापला, की त्यातले रोगजंतू आणि तणाचं बी मरतं आणि खत निर्धोक होतं. हे त्या वर्षभर प्रशिक्षणाला जाऊन शिकल्या होत्या. पण हाताला गरम कळतं, आकडा कळत नाही.

त्यांनी मला घासूनपुसून लख्ख केलं आणि सरळ किटलीतल्या उकळत्या पाण्यात बुडवलं. मी सत्त्याण्णव दाखवले.

"तीन अंश खातो हा," वहिनी म्हणाल्या. "टाका लोखंडात."

"खाऊ दे. किती खातो ते कळलं ना? मग झालं."

आणि वन्संनी एक कोरी वही काढून पहिल्याच पानावर तारीख घालून लिहिलं: 'उकळत्या पाण्यात ९७.' मित्रांनो, माझ्या पाठीवरच्या हिरव्या शिक्क्याचा मला कधी एवढा आनंद झाला नव्हता.

तीन वर्षं मी सुखात काढली. सकाळी ढिगाच्या पोटात जायचं, आकडा सांगायचा, वहीत तो चढायचा, मग दिवसभर खिळ्यावर लटकून माणसं बघायची. मोजायची सवय काही सुटत नाही. माझ्या हिशेबानं वहिनी चाळीस अंशांना बोलायला लागतात, पन्नासला ओरडतात आणि साठला सगळ्यांसाठी चहा ठेवतात. गाडीचा चालक उकळतो फक्त एका गोष्टीला: ओल्या कचऱ्यात कुणी काच टाकली तर. आणि वन्संचा काटा मी पंचविसाच्या वर गेलेला बघितला नव्हता.

भिंतीपलीकडच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर एक निवृत्त मास्तर राहायचे. एकतीस वर्षं गणित शिकवलेलं, आणि काठावरच्या एकाही मुलाला म्हणून एक गुण वाढवून दिलेला नाही, याचा त्यांना अभिमान. त्यांचं नाक त्यांच्याहून कडक. वारा उलट्या दिशेला असला तरी त्यांना आमचा वास यायचा. त्याच वेळी रोज सकाळी ते आपल्या इमारतीच्या अंगणातला पाचोळा झाडून एका कोपऱ्यात जाळायचे, त्या धुराचा वास मात्र त्यांना कधी आला नाही. आपल्या घरचं वेगळंच असतं म्हणा.

त्यांच्या तक्रारअर्जांचा कार्यालयात गठ्ठा झाला, तेव्हा एका शुक्रवारी वन्संच्या हातात पत्र पडलं. पुढच्या शनिवारी तपासणी. ढीग सलग तीन दिवस पंचावन्नच्या वर तापल्याचं दिसलं नाही, तर खतघर बंद, ओला कचरा दूरच्या डेपोत, आणि वन्संचं काम संपलं.

वन्सं म्हणाल्या की ढीग मजेत आहे, काळजी नको. खरंच होतं ते. मी एकोणसाठ दाखवत होतो, म्हणजे बासष्ट.

दुसऱ्या दिवशी पहाटे कडाक्याची थंडी पडली. गरम ढिगातून वाफेचे लोट उठले. मास्तर गच्चीवर आले, त्यांनी ते बघितलं, आणि आगीचा बंब बोलावला.

वन्सं कामावर पोचल्या तेव्हा दोन नळ ढिगावर सुरू होते आणि मास्तर गच्चीवरून "डावीकडे, अजून डावीकडे," असं सांगत होते. बंबवाल्यांनी मनापासून काम केलं. जाळ कुठे दिसेना म्हणून त्यांनी तो आत लपला असणार असं ठरवलं आणि आणखी पाणी मारलं. ढिगाचा चिखल झाला. त्याचा श्वासच कोंडला. मी एकतीसवर आलो, आणि आता मात्र खरोखर वास सुटला.

वहिनी साठाच्याही वर गेल्या. त्या मास्तरांच्या दारात जाऊन काय काय बोलणार होत्या ते त्यांनी आम्हाला क्रमवार ऐकवलं. वन्सं उलट्या बादलीवर बसून राहिल्या. थोड्या वेळानं उठल्या, हात धुतले आणि स्वतःच मास्तरांकडे गेल्या. मी त्यांच्या हातातच होतो, म्हणून पुढचं मला ठाऊक.

मास्तरांनी दार अर्धंच उघडलं. बंबवाल्यांच्या नाईकानं त्यांना वाफ आणि धूर यांतला फरक समजावून सांगितला होता, त्यामुळे त्यांचा काटा बराच खाली आला होता.

"मास्तर, तुमचा पाचोळा हवा होता."

"कशाला?"

"तुम्ही विझवलेली आग पेटवायला."

मास्तरांना हसावं की नाही ते कळेना. वन्संनी त्यांना साध्या शब्दांत सांगितलं, की ओल्यात कोरडं मिसळलं, ढीग उलटापालटा केला, हवा खेळती केली, की तो पुन्हा तापेल. तुम्ही रोज जाळता ते आमचं औषध आहे. आणि आणखी एक काम आहे. रोजचा आकडा तुम्ही वाचायचा आणि वहीत तुम्हीच लिहायचा.

"मी? तक्रार तर माझीच आहे."

"म्हणून तर. माझ्या अक्षरावर कोण विश्वास ठेवणार?"

मी अनेक हुशार माणसं बघितली, मित्रांनो. पण तक्रार करणाऱ्याच्याच हातात लेखणी देणारी ही एकच.

पुढचे चार दिवस काय सांगू. मास्तरांनी सगळ्या इमारतीचा पाचोळा पोत्यांत भरून आणला. चालकानं सुतारांच्या दुकानांतून लाकडाचा भुसा गोळा केला. वहिनी पट्टा संपला की पदर खोचून फावडं घ्यायच्या आणि ढिगापेक्षा जास्त मास्तरांना हलवायच्या. "मास्तर, गणितात वजाबाकी असते, फावड्यात नसते, भरून उचला," हे त्यांचंच. मास्तर घामाघूम व्हायचे आणि दुसऱ्या दिवशी दहा मिनिटं लवकर यायचे. ढीग छत्तीस झाला, मग बेचाळीस, मग अठ्ठेचाळीस.

गुरुवारी, म्हणजे मोजायच्या पहिल्या दिवशी, मास्तरांनी मला आत घातलं, चष्मा पुसला, वाकून बघितलं. मी त्रेपन्नवर थांबलो होतो. जोर करून बघितला, पण मला खोटं जमत नाही.

मास्तर कितीतरी वेळ लेखणी धरून उभे होते. मग हळूच म्हणाले, "पंचावन्न लिहू?"

"दिसतंय किती?" वन्संनी विचारलं.

"त्रेपन्न. दोनाचाच तर प्रश्न आहे."

एकतीस वर्षांत जे एकाही मुलाला मिळालं नव्हतं, ते कचऱ्याच्या ढिगाला मिळायला निघालं होतं.

"मग त्रेपन्न लिहा," वन्सं म्हणाल्या.

त्यांनी माझी खोट मास्तरांना सांगितली कशी नाही, याचं मला नवल वाटलं. मागाहून कळलं. सांगितली असती तर गणिताच्या माणसानं तिथल्या तिथे बेरीज करून टाकली असती, आणि मी काय म्हणालो ते वहीत उरलंच नसतं. शुक्रवारी चौपन्न भरले. मास्तरांनी ते इतक्या दुःखानं लिहिलं की अक्षर वाकडं आलं.

शनिवारी तपासणीच्या बाई आल्या. त्यांच्याकडे पिस्तुलासारखं नवं कोरं यंत्र होतं. त्यांनी ते लांबूनच ढिगावर रोखलं, आणि त्यानं चौतीस सांगितले. वन्सं नम्रपणे म्हणाल्या की ते वरची कातडी बघतं, ताप पोटात असतो. बाईंनी ते मान्य केलं. त्या स्वतःही फावडं मारण्यापासून सुरुवात करून वर चढल्या होत्या. मग मी आत गेलो. चौपन्न. बाईंनी वही बघितली. त्रेपन्न, चौपन्न, आजचे चौपन्न. त्यांनी मान हलवली आणि लेखणीचं टोपण काढलं. मास्तर जमिनीकडे बघू लागले. वहिनी चक्क गप्प होत्या.

"बाई, लिहायच्या आधी चहा घ्या," वन्सं म्हणाल्या.

"चहानं आकडे वाढत नाहीत."

"वाढतात. बघा तर."

वहिनींनी मला खसाखसा धुतलं. किटलीत नुसतं पाणी होतं, खळखळ उकळत होतं. वन्संनी मला त्यात बुडवलं आणि तबकडी बाईंच्या समोर धरली. सत्त्याण्णव.

"पाणी किती अंशांवर उकळतं, मास्तर?"

"शंभर," मास्तर म्हणाले, आणि मग एकदम त्यांचा चेहरा उजळला.

बाई काही कच्च्या नव्हत्या. हा तापमापक परवाच बिघडला नसेल कशावरून, असं त्यांनी विचारलं. वन्संनी वहीचं पहिलं पान उघडलं. तीन वर्षांपूर्वीची तारीख, उडालेली शाई, 'उकळत्या पाण्यात ९७.'

मग मास्तरांनी वर्गात म्हणावी तशी खणखणीत बेरीज केली. "छप्पन्न. सत्तावन्न. सत्तावन्न."

बाईंनी हसून सही केली. तक्रार तुमचीच होती ना, असं त्यांनी मास्तरांना विचारलं. मास्तर म्हणाले, होती, ती मी परत घेतो, पाचोळ्याची पोती मात्र परत घेणार नाही. मी ज्यात बुडालो होतो ते किटलीतलं पाणी कुणी चहाला वापरलं नाही, ते ढिगाला मिळालं. वहिनींनी नव्यानं आधण ठेवलं. त्यांचा काटा साठावर होता, पण आनंदानं.

आता वन्सं खतघराच्या कायमच्या प्रमुख आहेत. दुसऱ्या केंद्रांतून माणसं त्यांच्याकडे शिकायला येतात. वहिनी त्यांना प्लास्टिकचे आवाज शिकवतात, चालक गाडी भरायची रीत सांगतो, आणि वहीचा तास मास्तरांचा. परवा तुमच्याएवढी मुलं केंद्र बघायला आली होती. एका मुलीनं नाकावरचा रुमाल काढून विचारलं, की मोठेपणी हे काम करायचं तर काय यावं लागतं? वन्सं म्हणाल्या, "शिक्षण घ्यावंच लागतं, बाळा. पण आधी एक सवय लाव. काहीही टाकायच्या आधी विचारायचं, हे कशाच्या उपयोगी पडेल?"

मित्रांनो, तुमच्याही घरात एखादं घड्याळ पुढे धावत असेल, एखादी खुर्ची डुगडुगत असेल, एखादे आजोबा तीच गोष्ट चौथ्यांदा सांगत असतील. त्यांना लगेच अडगळीत काढू नका. खोट किती ते आधी मोजा आणि पहिल्या पानावर लिहून ठेवा. ज्याची खोट आपल्याला ठाऊक आहे, तो कधी आपल्याला फसवत नाही.

आणि ही माझी हकिगत तुम्हाला कुठे थोडी उणी वाटली, तर तीन अंश मिळवून वाचा.