अहो, खिडकी!

टकटक.

अंगठीचे दोन ठोके पडले आणि ती हातातलं पेन टाकून उठली. तीन पावलांवर नवऱ्याचं टेबल. तिने पडद्यावर नजर टाकली आणि हळूच म्हणाली, "अहो, खिडकी. हा पत्ता आधीच नोंदलाय, पुढे जायचं का?"

"जायचं."

तिने बटण दाबलं आणि नवरा फोनवरच्या माणसाला म्हणाला, "हं, बोला. पाणी कधीपासून नाही?"

पाणी खात्याच्या तक्रार कक्षात अकरा वर्षं हे असंच चाललं होतं. नवऱ्याला दिसत नव्हतं, पण त्याचं फारसं अडत नव्हतं. स्क्रीन रीडर कानात सगळं भराभर वाचायचा आणि तो डोळसांना लाजवेल अशा वेगाने टाईप करायचा. अडायचं एकाच ठिकाणी. मधूनच पडद्यावर एक छोटी चौकट, तीच ती खिडकी, टपकायची, पण फोकस, म्हणजे कीबोर्डचा ताबा, मागच्या पानावरच राहायचा; आणि रीडर तर फोकस असेल तेवढंच वाचणार! मग रीडर मुका, कीबोर्ड ठप्प, आणि टेबलावर टकटक. ती शेजारी बसून दुरुस्तीवाल्यांच्या पाळ्या लावायची, पण खुर्ची कायम त्याच्याकडे अर्धी वळलेली. "माझ्याशिवाय यांचं पान हलत नाही बाई," असं ती सगळ्यांना कुरकुरत सांगायची. खरं तर सांगायला तिला फार आवडायचं.

आणि सोमवारी ही अडचण सोडवायला साहेबांनी एक प्रोग्रामर आणून बसवली. तिलाही दिसत नव्हतं. हातात पांढरी काठी, केस आखूड, हसणं मोठ्याने. बायकोने मनातल्या मनात तिचं नाव काठीवाली ठेवून टाकलं.

"दादा, हा तुमचा रीडर किती हळू ठेवलाय हो! म्हातारा झालाय का?" काठीवालीने वेग वाढवला. रीडर कुरकुरकुर करत सुटला आणि दोघंही एकदम हसले.

"काय म्हणाला?" बायकोने विचारलं.

"अगं, काही नाही. 'दिनांक'चं 'दीनानाथ' केलं त्याने," नवरा डोळे पुसत म्हणाला.

तिला त्यात हसण्यासारखं काही सापडेना. दादा म्हणे! दादा म्हटलं की झालं? अकरा वर्षं शेजारी बसूनही त्या कुरकुरीतलं एक अक्षर तिला कळलं नव्हतं, आणि या बयेला पहिल्याच दिवशी सगळं कळत होतं. तिचा नुसता जळफळाट झाला.

त्यात कहर म्हणजे मदत तिलाच करावी लागली. "वहिनी, चौकट आली की सांगा हं. आम्हा दोघांनाही दिसत नाही. वरच्या पट्टीत काय लिहिलंय, अक्षर न् अक्षर सांगा. त्या नावावरूनच माझा छोटा प्रोग्राम चौकटीला पकडणार. फोकस नसला तरी रीडर वाचेल, आणि एक बटण दाबलं की दादाच तिला उत्तर देतील." तीन दिवस ती नावं सांगत राहिली. एकदा वाटलं, चुकीचं सांगावं. कोण बघतंय? पण नवरा मान कलती करून तिचाच आवाज ऐकत होता. तिने बरोबर सांगितलं, आणि स्वतःचाच राग आला.

गुरुवारी स्पीकर लावून चाचणी झाली. चौकट टपकली. रीडर आपल्या घाईत काहीतरी बरळला, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यातले दोन शब्द तिला लख्ख कळले.

"अहो, खिडकी."

नवऱ्याने बटण दाबलं, चौकट गेली. काठीवालीने टाळ्या वाजवल्या. "कसं वाटलं?" नवऱ्याने बायकोच्या दिशेने हसून विचारलं. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. "छान," ती म्हणाली आणि पाणी प्यायला निघून गेली.

जेवणाच्या सुट्टीत तिने काठीवालीला एकटं गाठलं.

"तो शब्द काढा."

"कुठला, वहिनी?"

"अहो. बाकी सगळं राहू दे. काम चांगलं केलंत तुम्ही, नाही म्हणत नाही. पण तो मशीनच्या तोंडी नको."

काठीवालीने डबा बाजूला सारला. "मी 'सूचना'च लिहिलं होतं. दादा म्हणाले, 'अहो' ऐकलं की मला धीर येतो."

बायको म्हणाली, "म्हणूनच काढा."

काठीवालीने लॅपटॉप उघडला आणि 'सूचना' लिहिलं.

शुक्रवारी काठीवाली नव्हती; तिचं काम संपलं होतं. नवरा हेडफोन लावून कामाला बसला. थोड्या वेळाने त्याने एक कान मोकळा केला.

"अगं, रीडर 'सूचना' म्हणतोय. अहो कुठं गेलं?"

"घरी नेलंय," ती कागदातून मान वर न काढता म्हणाली. "तिथे मिळेल."

तो आधी थबकला, मग खाली मान घालून कितीतरी वेळ हसला. एवढ्यात फोन वाजला.

तिला त्याच्या पडद्यावर चौकट टपकलेली दिसली. ती अर्धी उठली, तोंडही उघडलं. पण नवऱ्याचं बोट बटणावर गेलं होतं आणि चौकट नाहीशी झाली. "हं, बोला," तो फोनवर म्हणाला. टेबलाच्या कडेला अंगठीच्या ठोक्यांनी पॉलिश उडालेला बोटाएवढा डाग होता. त्याचा हात तिकडे गेलाच नाही.

ती खाली बसली. जरा वेळाने तिने दोन्ही हातांनी खुर्ची उचलली आणि आपल्या टेबलासमोर सरळ करून ठेवली.