किल्लीतली अक्षता

मित्रांनो, आधी एक सांगून ठेवतो. मला तेल घालू नका! किल्ली अडली की तेल, झाकण घट्ट बसलं की तेल, हे लोकांच्या डोक्यात कुणी भरवलं देव जाणे. मी कॅमेरा आहे, कढई नव्हे. जळगावच्या जीवराम शिंप्यांच्या दुकानात फळीवर जो काळ्या कातड्याचा, घडीचा, जुना कॅमेरा दिसतो ना, तोच मी.

माझा जन्म विलायतेतला. माझा पहिला मालक रेल्वेतला एक गोरा साहेब. त्याने नऊ वर्षं माझ्याकडून फक्त आपल्या कुत्र्याचे फोटो काढून घेतले. बसलेला कुत्रा, उभा कुत्रा, झोपलेला कुत्रा. वैताग नुसता! साहेब मायदेशी गेला, त्याच्या सामानाचा लिलाव झाला आणि १९३४ साली मी जीवरामभाऊंच्या हाती आलो.

माणूस भला. फोटो काढण्याआधी अंतर मोजायला ते गिऱ्हाइकाच्या नाकापासून माझ्यापर्यंत कपडे मापायची फीत धरायचे. पुष्कळांना वाटायचं, सदऱ्याचं माप चाललंय. पण फोटो झकास यायचे आणि लोक माझं कौतुक करायचे. तेव्हा मी फुगून जायचो, खोटं कशाला बोलू?

त्यांची एक सवय मात्र मला मुळीच आवडत नसे. फोटो काढला की किल्ली फिरवून फिल्म पुढे सरकवायला हवी. जीवरामभाऊ म्हणायचे, "पुढचं गिऱ्हाईक आल्यावर फिरवू. घाई काय आहे?" त्यामुळे नुकताच काढलेला फोटो गुंडाळीत न जाता माझ्या पोटात तसाच उघडा पडून राहायचा. पण मला विचारतो कोण!

१९३७ सालच्या नवरात्रातली गोष्ट. अष्टमीला पिंप्राळ्याचे कौतिकआबा दुकानात आले. म्हणजे त्यांच्या लेकीने, धुळ्याला दिलेल्या बेबाबाईने, त्यांना ओढूनच आणलं होतं. आबांनी जन्मात फोटो काढला नव्हता.

"हाऊ डबा मनं आयुष्य कमी करी," आबा कुरकुरले. "मी त्यानाकडे देखाव नही."

"नका देखू, आबा. पन बठा तरी," बेबाबाई म्हणाली.

आबा बसले. मी फिल्मच्या पाचव्या आकड्यावर त्यांचा फोटो घेतला. किल्ली अर्थातच फिरवली नाही.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. जीवरामभाऊंच्या पत्नी सुमनबाईंनी शिवणयंत्र, कात्री, फीत आणि मला पाटावर मांडलं. हळदकुंकू लावलं, झेंडू वाहिला आणि कुंकवात भिजवलेल्या अक्षता मूठभर टाकल्या. प्रेमाने हो, पण मूठभर! त्यातली एक घरंगळली आणि थेट माझ्या किल्लीखाली जाऊन बसली. मी आतल्या आत ओरडलो. कुणाला ऐकू जाणार?

दसऱ्याला आबांनी गावभर सोनं वाटलं, जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. बेबाबाईने टाहो फोडला, "ह्याच डबानी खादं मना बापले!" ते माझ्या कानावर आलं तेव्हा मला फार लागलं. मी काय केलं होतं?

दहाव्यानंतर ती दुकानात आली. डोळे सुजलेले. "भाऊ, आबांचा फोटो द्या. दुसरा कुठेच नाही."

जीवरामभाऊंनी किल्ली फिरवली. फिरेना. जोर लावला. फिरेना. मग काय, शिवणयंत्राचं तेल! चांगलं अर्धी कुप्पी ओतलं. आतल्या कुंकवाचा चिखल झाला आणि दाणा जास्तच घट्ट रुतला. तेवढ्यात शेजारचे अभिमन आले. कापसाच्या जिनिंगमधले फिटर. त्यांनी मला टेबलावर तीनदा आपटलं, पकडीने किल्ली पिळली, कानाशी धरून हलवलं आणि निकाल दिला, "पाठ उघडल्याशिवाय कळणार नाही."

अहो, उघडू नका! पाचवा फोटो तिथेच उघडा पडलाय, उजेड लागला की आबा गेले! मी किती तळमळलो म्हणून सांगू. जीवरामभाऊ "अरे, थांब थांब" म्हणेपर्यंत अभिमननी खटका दाबलासुद्धा.

"उघाडू नका भाऊ! मना आबा मझार शेतस!" आबा आत आहेत, असं बेबाबाई किंचाळली आणि तिने दोन्ही तळव्यांनी माझी पाठ दाबून धरली. बोटभर उघडली होती, ती फटकन बंद झाली. मला शिव्या देणारी ती बाई मला छातीशी कवटाळून रडत होती. कुणी हात लावायला धजेना.

सुमनबाई मात्र नवऱ्याच्या अंगठ्याकडे पाहत होत्या. "अहो, तेलात हे लाल काय आलं?" त्यांनी वास घेतला. चेहरा एकदम उतरला. "अगं बाई! कुंकू! अक्षता मीच वाहिल्या होत्या!"

त्यांनी शिवणयंत्राची सुई आणली. मी बेबाबाईच्या कुशीतच होतो, तिने मला सोडलं नाही. सुमनबाईंनी किल्लीखाली सुई घालून अलगद उकरलं. आधी अर्धा दाणा आला, मग उरलेला अर्धा. जीवरामभाऊंनी दोन बोटांनी किल्ली फिरवली. मागच्या लाल काचेत सहाचा आकडा आला. इतका साधा इलाज! पण आधी मार खायचा, मग विचार व्हायचा.

जीवरामभाऊंनी खिडकीला पोती लावून आतल्या खोलीत फिल्म धुतली आणि फोटो छापला. आबांचा डावा खांदा आणि पागोट्याची कड उजेडाने खाल्ली होती. चेहरा मात्र स्वच्छ. बेबाबाई कितीतरी वेळ पाहत राहिली. आबा खरंच माझ्याकडे पाहत नव्हते. ते बाजूला पाहत होते, थोडे हसून.

"ह्या बाजूला कोण उभं होतं?" सुमनबाईंनी विचारलं.

"मीच," बेबाबाई म्हणाली.

मित्रांनो, आमची पूजा करा, नाही कोण म्हणतो? पण अक्षता जरा लांबून वाहा. आणि एखादी वस्तू अडली तर तेल, पक्कड, आपटाआपट करण्याआधी तिला शेवटचा हात कुणी लावला होता, एवढं विचारा. आमच्या पोटात कुणाचं काय असतं, ते वरून दिसत नाही.

आता बेबाबाई दर दसऱ्याला धुळ्याहून येते. आपट्याचं पहिलं पान ती मला देते आणि म्हणते, "ल्या आबा, सोनं." मग माझी किल्ली एकदा फिरवून पाहते, अडली तर नाही ना म्हणून. तेवढ्यापुरता मी आबा होऊन बसतो.