गुंडाळलेलं रीळ

धूर निघाला तो केबलच्या रिळातून, पण डेटलेफने बोट दाखवलं ते लेस्याच्या बिस्किटांच्या साच्याकडे. तेवढ्यावर थांबता तर ठीक होतं. बंबवाल्यांच्या उन्हाळी मेळ्यात सगळं गाव बिअरचे ग्लास घेऊन बसलेलं असताना या गृहस्थाने माईक हातात घेतला आणि जाहीर केलं, की युक्रेनहून आणलेल्या एका जुनाट यंत्रात शॉर्टसर्किट झाल्यामुळे खाण्याचा मांडव बंद ठेवावा लागतोय, आणि यापुढे असली यंत्रं मैदानात येऊ देणार नाही. बंबवाल्यांचा प्रमुखच बोलतोय म्हटल्यावर कोण कशाला शंका घेतंय? सगळ्या माना लेस्याकडे वळल्या.

गुडरूनबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. लेस्या त्यांच्याच घरात वरच्या मजल्यावर राहायची. गावात आल्यापासून ती कुणात मिसळली नव्हती. बाईच तिच्या मागे लागल्या होत्या, की बाई गं, एकदा खाली ये, चार माणसांत उभी राहा. अक्रोडाच्या आकाराची बिस्किटं भाजायचा तो विजेचा साचा तिच्या आजीचा. पळून येताना चार कपडे कमी घेऊन तिने तो बॅगेत घातला होता. पहिला घाणा उतरला न उतरला तोच हे घडलं. आता ती मांडवामागे साचा टॉवेलात बांधत होती, आणि ती पुन्हा या लोकांत पाऊल टाकणार नाही हे बाईंना लख्ख दिसत होतं.

"दे इकडे तो," बाई म्हणाल्या.

"राहू द्या हो. माझ्यासाठी कशाला भांडता?"

"तुझ्यासाठी नाही. जन्मभर शाळेत भौतिकशास्त्र शिकवलं मी. माझ्या विषयाची अब्रू गेली आज."

बंबाच्या गाडीतल्या पेटीतून त्यांनी वीज तपासायचा मीटर काढला आणि मांडवामागूनच हाक मारली, "डेटलेफ! इकडे ये आधी!"

गणवेशातला तो दांडगा माणूस आला, पण पोटावरचा पट्टा सावरत. आठवीत बाईंच्या वर्गात होता तो.

"बाई, लोक खोळंबलेत तिकडे."

"खोळंबू देत. या साच्यावर काय लिहिलंय ते वाच."

"रशियन अक्षरं आहेत. मला काय कळणार?"

"आकडेही रशियन आहेत का रे?"

डेटलेफने खाली वाकून वाचलं, "दोनशे वीस व्होल्ट. तीन पूर्णांक सहा दशांश अँपिअर."

"मग रोध किती?"

"दोनशे वीस भागिले तीन पूर्णांक सहा दशांश. एकसष्ट ओहम."

बाईंनी मीटरच्या दोन्ही काड्या साच्याच्या प्लगला टेकवल्या. मीटरने एकसष्ट दाखवले. एक काडी प्लगवर ठेवून दुसरी साच्याच्या लोखंडाला लावली, तर मीटर ढिम्म. वीज बाहेर गळतही नव्हती.

"शॉर्टसर्किट असतं तर रोध शून्यावर आला असता. आता वॅट सांग."

"व्होल्ट गुणिले अँपिअर. साधारण आठशे."

"आणि त्याच रिळावरचे तुझे ते वाफलचे दोन तवे?"

"बाराशे, बाराशे."

"म्हणजे सगळे मिळून बत्तीसशे. या जळक्या रिळावर काय छापलंय?"

वितळून वाकड्या झालेल्या रिळाकडे त्याने नीट पाहिलंसुद्धा नाही. "केबल पूर्ण उलगडलेली असेल तर साडेतीन हजार वॅट. गुंडाळलेली असेल तर हजार."

"लेस्याने प्लग लावण्याआधीच तुझे तवे चोवीसशे ओढत होते. केबल होती गुंडाळलेली. तिचा रोध एक ओहम धर, आणि बत्तीसशे वॅटचे साधारण चौदा अँपिअर. केबलमध्येच किती वॅट मुरले?"

"अँपिअरचा वर्ग गुणिले रोध. दोनशेच्या आसपास."

"दोनशे वॅटची शेगडी गोधडीत गुंडाळून ठेवलीस तू! ती जळेल नाही तर काय गार पडेल?"

आणि मग बाई एकदम थांबल्या. वर्गात साध्या भागाकाराला घाम फुटायचा या मुलाला. आज तो एकदाही अडखळला नव्हता.

"तुला ठाऊक होतं," त्या म्हणाल्या.

"धूर आल्या आल्याच कळलं, बाई. मीच उलगडायचं विसरलो होतो. पण बंबवाल्यांनीच जाळलं म्हटल्यावर वर्षभर हसलं असतं गाव. आणि ती काय, ती कुठे इथली? आज आहे, उद्या जाईल."

त्याला गणित येत नसतं, तर बाईंनी पुन्हा शिकवलं असतं. अज्ञानाचा त्यांना कधी राग आला नव्हता, पण हे अज्ञान नव्हतं. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि फाशी देणारा स्वतःच चोर!

"चल. माईकवर बोल."

"उद्या फलकावर लिहून लावतो ना."

"खोटं माईकवर आणि खरं फलकावर? चालायला लाग."

तो गेला, आणि बोलला मात्र सरळ. रीळ माझ्या चुकीने जळलं, त्या साच्यात काहीच दोष नव्हता, मला ते आधीपासून माहीत होतं.

मग एकाने टाळी वाजवली आणि पाठोपाठ सगळं मैदान वाजवू लागलं. "याला म्हणतात मोठं मन!" कुणीतरी ओरडलं. लोक येऊन त्याच्या पाठीवर थापा मारू लागले, एकाने त्याच्यासमोर भरलेला ग्लास ठेवला, आणि डेटलेफ लाजून हसलासुद्धा.

बाईंनी त्याच्या हातून माईक हिसकावला.

"बंद करा त्या टाळ्या! सत्कार कुणाचा करताय? खोटं बोलला तेव्हा एकाने विचारलं नाही, कशावरून म्हणून. सगळे मान वळवून त्या मुलीकडे बघत बसलात. आता तिच्याकडे बघायला एकाचीही मान वळत नाही?"

टाळ्या विरल्या. माना वळल्या, आधी पुढच्या बाकांवरच्या, मग मागच्या. मांडवामागे साखर भुरभुरलेली बिस्किटं ताटलीत तशीच होती. लेस्या टाळ्या सुरू झाल्या तेव्हाच साचा घेऊन निघून गेली होती.

गुडरूनबाईंनी माईक डेटलेफच्या ग्लासाशेजारी ठेवला आणि त्याही घराकडे चालू लागल्या.