साईराजचा संघ

कोयनानगरच्या वसाहतीत प्रबुद्धच्या रांगेतली निम्मी घरं बंद पडलेली होती. तो वीजघरात ऑपरेटर होता. आई मिरजेला थोरल्या भावाकडं असायची. तिनं लग्नाचा विषय काढून पाहिला, यानं टाळला, आणि शेवटी तिनंही नाद सोडला. ड्यूटीवरनं आलं की घरात वाट बघणारं असं काही असलंच, तर तो टीव्ही आणि त्याला जोडलेला गेमचा डबा.

त्या डब्यात अमेरिकन फुटबॉल होता. लांबुळका चेंडू काखेत मारून पळायचं आणि हेल्मेट घातलेल्या धिप्पाड गड्यांनी अंगावर येऊन पाडायचं, असा तो खेळ. सांगलीला इंजिनिअरिंगला असताना त्याच्या दोस्तानं, साईराजनं, तो होस्टेलवर आणला होता. नियम दोघांनाही ठाऊक नव्हते, हरत हरतच शिकले. पण खरी चटक लागली ती सामन्यांची नव्हे, संघ चालवण्याची. एक संघ घ्यायचा आणि वर्षानुवर्षं सांभाळायचा. दर हंगामाला कॉलेजातली नवी पोरं निवडायची, त्यांचे करार करायचे, दुखापत झालेल्याला बसवायचं, थकलेल्याला निरोप द्यायचा. पडद्यावरची ती माणसं खऱ्यासारखी वयानं वाढायची, मंदावायची, निवृत्त व्हायची. एखादा जुना गडी निवृत्त झाला की दोघं त्या रात्री मेसला न जाता बाहेर जेवायचे.

साईराज कराडचा. पुढं नोकरीनं तो अमेरिकेला गेला, तरी खेळ तुटला नाही. इंटरनेटवर दोघांनी एकच लीग मांडली आणि कारभारी प्रबुद्ध झाला. दोघांचे सामने उरकले की त्यानं लीगचा आठवडा पुढं सरकवायचा. इथली सकाळ म्हणजे तिथली संध्याकाळ, त्यामुळं ड्यूटीआधी प्रबुद्ध कानाला हेडफोन लावून बसायचा आणि खेळता खेळता जगातलं सगळं बोलणं व्हायचं. साईराजला राजेश्वरी पसंत पडली, हे त्याच्या घरच्यांच्याही आधी प्रबुद्धला कळलं होतं.

मग बोलणं कमी झालं. आधी नुसतं खेळापुरतं उरलं, मग मेसेजवर आलं. या आठवड्यात जमत नाही, माझा संघ ऑटोवर टाक, असं साईराज कळवायचा. ऑटोवर टाकलं की त्याच्या वाटचे सामने कॉम्प्युटर खेळायचा. पुढंपुढं साईराज कळवायचाही थांबला. प्रबुद्धनं तो ऑटो काढलाच नाही.

पण सामने सोडले, तर बाकीचा संघ कॉम्प्युटरच्या हातात द्यायला त्याचं मन घेईना. कॉम्प्युटर चांगली माणसं सोडून द्यायचा, नको त्यांना धरून ठेवायचा. कारभाऱ्याला दुसऱ्याचा संघ हाताळता येत असे, म्हणून साईराजच्या संघासाठी पोरं निवडणं, करार करणंही प्रबुद्धच करू लागला. एखादा उमदा पोरगा दोन्ही संघांना हवासा असला आणि निवडीची पाळी साईराजची असली, तर तो साईराजलाच मिळायचा. त्यात त्यानं कधी लबाडी केली नाही. अशीच वर्षं गेली. आणि एका हंगामाच्या अंतिम सामन्यात साईराजच्या संघानं प्रबुद्धच्या संघाला धूळ चारली.

हरूनही प्रबुद्ध खूश झाला. त्यानं पडद्याचा फोटो काढून पाठवला, खाली लिहिलं, 'जिंकलास गड्या.' उत्तरादाखल नुसता अंगठा आला.

थोड्या दिवसांनी साईराजच्या आईचा, रंगुबाईंचा फोन आला. नव्या बंगल्याची वास्तुशांत होती. त्या म्हणाल्या, "साई आलाय रं गावाकडं. तुला त्यानं सांगितलंच आसंल म्हणा. तरी म्हटलं, आपण बी बोलवावं."

"व्हय काकी, सांगितलंय की," प्रबुद्ध म्हणाला.

त्यानं रजा टाकली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि एसटीनं पाटणवरनं कराड गाठलं. मांडवात गर्दी होती. साईराजनं त्याला बघताच मिठी मारली, राजेश्वरीशी ओळख करून दिली, लेकीला काकांना नमस्कार करायला लावला. वजन वाढलं का, बदली कुठं झाली, धरणात पाणी किती, असं तो विचारत राहिला. सगळं आपुलकीनंच, पण येणाऱ्या प्रत्येकाला तो असंच विचारत होता. जेवण झाल्यावर दोघं जरा बाजूला उभे राहिले, तेव्हा प्रबुद्धनं अंतिम सामन्याचा विषय काढला.

साईराज हसला. "आजून खेळतोस तू? मी तो डबा कवाच विकला रं. पोरगी झाली तवाच."

प्रबुद्ध हातातल्या पानाचं देठ तोडत राहिला.

"मग माझा संघ कुणी सांभाळला?" साईराजनं सहज विचारलं.

"कॉम्प्युटरनं."

"लय भारी झालाय मग कॉम्प्युटर," साईराज म्हणाला, आणि कुणीतरी हाक मारली म्हणून आत गेला.

परतीच्या गाडीत प्रबुद्धला खिडकीची जागा मिळाली. पाटण येईपर्यंत त्याला राग येत होता, पण कुणाचा ते ठरेना. साईराजनं त्याचं काही वाईट केलं नव्हतं. संघ सांभाळ म्हणून त्याला कुणी सांगितलंही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं लीग उघडली आणि साईराजच्या संघावरचं त्याचं नाव काढून टाकलं. नक्की काढायचं का, असं पडद्यानं विचारलं. त्यानं हो म्हटलं. मग त्या आठवड्याचा सामना लावला. तो नेमका त्याच संघाशी होता.

या खेळात चेंडू पुढं न्यायला चार प्रयत्न मिळतात. तीन वाया गेले की चौथ्याला चेंडू लाथ मारून लांब धाडायचा आणि समोरच्याला देऊन टाकायचा, ही शहाण्यांची रीत. साईराजनं ती जन्मात पाळली नव्हती. होस्टेलवर असताना तो चौथ्यालाही बेधडक पळायचा आणि बहुतेक वेळा तोंडावर आपटायचा. समोरच्या संघानं आता चौथ्या प्रयत्नाला चेंडू लांब लाथाडला. जरा वेळानं परत लाथाडला.

इतकी वर्षं कॉम्प्युटर असाच लाथाडत आला असणार. समोर बसूनही प्रबुद्धच्या ते कधी ध्यानात आलं नव्हतं.

सामना त्यानं पुरा केला, आणि जिंकला. मग आठवडा पुढं सरकवला, चहाचं आधण ठेवलं आणि ड्यूटीचे बूट शोधायला लागला.